चौथं वर्ष ऑनर्स विथ रिसर्च घेऊ का? सीजीपीए ७.४२ आणि मेंटॉरची फक्त सही

केळीचं_पान:
नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचतेय इथे, लिहायची पहिलीच वेळ, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

मी बीएस्सी बॉटनी, सहावं सेम चालूय. कॉलेज ऑटोनॉमस आहे म्हणून आमची २०२३ ची बॅच एनईपीची (नवीन शैक्षणिक धोरणाची) पहिलीच, म्हणजे आमच्या पुढे एकही सिनियर नाही जिला धरून विचारावं की बाई तू काय केलंस. आता ऑफिसने एक फॉर्म दिलाय, १५ तारखेपर्यंत भरून द्यायचा, त्यात तीन चौकोन. तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर, चौथं वर्ष ऑनर्स, चौथं वर्ष ऑनर्स विथ रिसर्च. एकावर टिक करा, खाली पालकांची सही. बास. कुठल्या चौकोनाचं पुढे काय होतं याबद्दल एक ओळ नाही.

तुम्ही म्हणाल मेंटॉरला विचार. मेंटॉर आहेत ना, एका मॅडमकडे आम्ही २७ जण. दर सेमला मेंटॉर-मेंटी फॉर्म येतो, त्यात दोन रकाने, 'विद्यार्थ्याच्या अडचणी' आणि 'केलेले मार्गदर्शन'. मागच्या वेळी मॅडम पॅसेजमध्ये उभ्या, हातात गठ्ठा, सीआर म्हणाला पहिल्यात 'नाही' लिहा दुसऱ्यात 'अभ्यासाविषयी मार्गदर्शन केले' लिहा, सगळ्यांनी तेच लिहिलं, २७ कागद आणि २७ सारख्या ओळी, मॅडमनी भिंतीला टेकवून सह्या केल्या. त्या वाईट नाहीत हं. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहेत, दोन कॉलेजं करतात, आमचं प्रॅक्टिकल संपलं की बस गाठायला पळतात. त्यांना पॅसेजमध्ये थांबवून 'माझ्या आयुष्याचं काय करू' विचारायला मलाच कसंतरी होतं.

पाच सेमचा सीजीपीए (सगळ्या सेमच्या ग्रेड पॉइंटची सरासरी) ७.४२. रिसर्चला ७.५ लागतो म्हणे. घरी पप्पांचं म्हणणं बीएड, भाऊ म्हणतो पुण्याला जा एमपीएससी कर, आजी विचारते चौथं वर्ष कसलं गं, नापास झाली का तू.

मला झाडांमधलं काहीतरी करायचंय एवढंच कळतं. ऑनर्स आणि ऑनर्स विथ रिसर्च यात नक्की फरक काय, आणि चौथं वर्ष करावं की सरळ एमएस्सीला जावं? कोणीतरी नीट सांगा प्लीज.

जुना_एमएस्सी:
सरळ एमएस्सी. सांगतो का ते. तीन वर्षं डिग्री अधिक दोन वर्षं एमएस्सी म्हणजे पाच. चार वर्षं ऑनर्स अधिक एक वर्षाचं एमएस्सी म्हणजेपण पाच. वर्ष वाचत नाही, कोणी वाचतं म्हणालं तर हिशोब दाखवायला सांग. नव्या रचनेत चौथं वर्ष आणि दोन वर्षांच्या एमएस्सीचं पहिलं वर्ष एकाच लेव्हलला धरलंय. मग उगाच त्याच कॉलेजात, त्याच लॅबमध्ये, त्याच बंद पडलेल्या ऑटोक्लेव्हजवळ अजून एक वर्ष कशाला काढायचं? एमएस्सीला विद्यापीठात जा, नवीन लोक भेटतील, लायब्ररी मोठी. आणि एक वर्षाचं एमएस्सी बॉटनीला तुमच्या भागात कुठे चालू होणार आहे का ते आधी बघ, नाहीतर ऑनर्स करून परत दोन वर्षांच्या रांगेत उभी राहशील.

ऑनर्स हे नाव भारी वाटतं इतकंच. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आमचं काही अडलं नाही.

फळा_आणि_डस्टर:
एमएस्सीवाले साहेब, अर्धं बरोबर अर्धं घाईचं. एक वर्षाच्या एमएस्सीचा मुद्दा मात्र शंभर टक्के, तो तिने विचारलाच पाहिजे.

केळीचं पान, मी एका अनुदानित कॉलेजात १९ वर्षं शिकवतोय (बॉटनी नाही, झूलॉजी, त्यामुळे थोडं कमी ऐकलंस तरी चालेल). सल्ला देण्याआधी तीन गोष्टी सांग. एक, ओजेटी (बाहेर जाऊन प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) कुठे केलंस आणि तिथे हाताने काय काम केलंस, कंपनीचं नाव नको, काम सांग. दोन, तुमच्या डिपार्टमेंटला विद्यापीठाने मान्यता दिलेले पीएचडी गाईड किती आहेत. तीन, डिजिलॉकरमध्ये जाऊन एबीसीचे (क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) क्रेडिट कधी मोजलेस का. टाइप करायचा कंटाळा करू नकोस, पहिलं उत्तर सविस्तर लिही.

बेरीज_वजाबाकी:
मी सल्ला देत नाही, गणित करून देतो. सगळ्या सेमला सारखे २२ क्रेडिट धरलेत, तुमचे वेगळे असतील तर आकडे बदल.

पाच सेम गुणिले ७.४२ म्हणजे ३७.१. सहा सेमची सरासरी ७.५ हवी तर बेरीज ४५ पाहिजे. म्हणजे सहाव्या सेमला एसजीपीए (त्या एकाच सेमची सरासरी) ७.९ लागतो. २२ क्रेडिटला ७.९ म्हणजे १७४ पॉइंट. आता गंमत बघ, सगळ्या विषयात ए मिळाला (८ पॉइंट) तर होतात १७६. म्हणजे सरळसोट गेलीस तर फक्त एका २ क्रेडिटच्या पेपरला बी प्लस चालेल, बाकी सगळं ए. अवघड आहे.

पण सहाव्या सेमला ४ क्रेडिटचं ओजेटी असतं ना? त्यात ओ काढलास (१० पॉइंट) तर तिथेच ४० झाले. उरलेल्या १८ क्रेडिटमधून १३४ हवेत, म्हणजे ८ क्रेडिटला ए आणि १० क्रेडिटला बी प्लस आला तरी जमतं. १७४ भागिले २२, ७.९०९, बेरीज ४५.००९, सहाने भागलं की ७.५०१. काठावर पण पास.

थोडक्यात थिअरीच्या पेपरला रडत बसण्यापेक्षा ओजेटीचा रिपोर्ट नीट लिही. पोरं तो रिपोर्ट आदल्या रात्री एकमेकांचा बघून लिहितात, माझ्या भाच्याने तर दुसऱ्याच्या कंपनीचं नावसुद्धा बदललं नव्हतं.

केळीचं_पान:
बेरीज दादा (की ताई?) खूप खूप थँक्यू, मी कागदावर तीनदा करून बघितलं, बरोबर येतंय!! कोणी हे सांगितलंच नव्हतं, सगळे म्हणत होते ७.४२ म्हणजे गेलं.

सर, तुमच्या प्रश्नांची उत्तरं.

ओजेटी केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये चालूय, १२० तासांपैकी ९० झाले. जी-नाईन जातीच्या केळीची रोपं करतात. पहिला आठवडा नुसत्या बाटल्या धुतल्या. मग मीडियम (बाटलीतलं रोपाचं खाद्य) ओतायला दिलं, आता लॅमिनारवर (गाळलेल्या स्वच्छ हवेचं टेबल) बसवतात, स्काल्पेल स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर धरायचं, गार होऊ द्यायचं, गड्डा कापून नव्या बाटलीत. मी हळू आहे, तिथल्या ताई माझ्या चौपट वेगाने करतात. आणि रोज सकाळी कंटॅमिनेशन काढायचं काम माझ्याकडे, ट्रॉलीवरच्या बाटल्या एकेक उजेडात धरून बघायच्या आणि बुरशी दिसली की बाजूला. काहींत कापसासारखी पांढरी बुरशी असते ती लगेच कळते. काहींत बुरशी नसते, पण रोपाच्या बुडाशी दुधाळ असं काहीतरी पसरतं, ते मला आधी कळायचंच नाही, एका ताईने दाखवलं. किती फेकल्या ते मी वहीच्या मागे लिहून ठेवते, असंच, सवय म्हणून. तारीख, ट्रॉली नंबर, पांढरी किती, दुधाळ किती.

गाईड आमच्याकडे दोन, एक एचओडी सर आणि एक मॅडम. पण मॅडम पुढच्या वर्षी रिटायर.

आणि एबीसी. आज पहिल्यांदा मोजले. दोन क्रेडिट कमी दिसतायत. दुसऱ्या सेमचं एनएसएसचं को-करिक्युलर आहे ते, मार्कशीटवर आहे पण तिकडे नाही. ऑफिसला गेले तर म्हणाले पोर्टलचं लॉगिन ज्यांच्याकडे आहे ते रजेवर, सोमवारी या. पोटात गोळा आलाय.

पोस्टिंग_निवडताना:
ताई, एमपीएससीवाल्या भावाच्या वतीने एवढंच सांगतो की राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, तीन वर्षांचीसुद्धा. ऑनर्सचे वेगळे मार्क मिळत नाहीत. त्यामुळे खरंच एमपीएससी करायचं असेल तर तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पड, चौथं वर्ष 'हातात असावं' म्हणून करू नको. मी स्वतः पाच वर्षं पेठेत काढलीत, खोली, मेस, अभ्यासिका, चहा. ज्याला मनापासून करायचंय त्याने करावं. तुझ्या पोस्टमध्ये भावाचं नाव आहे, तुझं नाही.

सुप्याचा_पोऱ्या:
मी आत्ता हेच चौथं वर्ष करतोय, फक्त दिल्ली विद्यापीठात आणि इतिहासात. आमची २०२२ ची बॅच, सीयूईटीने (केंद्रीय प्रवेश परीक्षेने) आलेली पहिली, आणि चार वर्षांच्या कोर्सचीपण पहिली. (पहिली म्हणजे, २०१३ ला इथे असाच चार वर्षांचा कोर्स आणला होता आणि २०१४ ला गुंडाळला, म्हणून आम्हाला शेवटपर्यंत धाकधूक होती की हापण गुंडाळतात की काय.)

आमच्याकडे चौथ्या वर्षाला तीन रस्ते असतात, डिझर्टेशन, अकॅडमिक प्रोजेक्ट नाहीतर आंत्रप्रेन्युअरशिप, दोन्ही सेमला ६-६ क्रेडिट. मी डिझर्टेशन घेतलं. अर्धा वर्ग तिसऱ्या वर्षानंतर निघून गेला, त्यामुळे वर्गात अचानक शांतता, कॅन्टीनला ओळखीचं कोणी नाही, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. एकटं वाटतं थोडं.

सातव्या सेमच्या सुरुवातीला मी गाईडकडे गेलो विषय घेऊन, 'ब्रिटिश काळातील महाराष्ट्रातील शेतकरी'. मॅडम हसल्या नाहीत पण चहा मागवला, मला वाटतं तेवढ्यासाठीच. म्हणाल्या तुझं गाव कुठलं. सुप्याजवळ. मग म्हणाल्या अरे, मे १८७५ ला सावकारांच्या वह्या जाळायला सुरुवात कुठून झाली माहितीये ना? मला माहिती होतं, शाळेत एक परिच्छेद होता, पण ते आपल्याच बाजारात झालेलं हे डोक्यात कधी बसलंच नव्हतं. दख्खनच्या दंग्यांवर सरकारने कमिशन नेमलं होतं, त्याचा रिपोर्ट वाचायला लावला, मग म्हणाल्या पूर्ण दंगा नको, फक्त त्यातले जबाब घे, कोण काय बोललंय आणि त्याला विचारलं काय होतं ते बघ. विषय एवढासा झाला आणि काम मात्र तिप्पट.

एवढं सगळं का लिहितोय, तर रिसर्च घेण्याआधी त्या चौकोनापेक्षा गाईड कोण मिळणार ते बघ. माझ्या मित्राचे गाईड चांगले आहेत नावाला, सेममध्ये दोनदा भेटले. त्याचा आणि माझा कोर्स कागदावर सेम टू सेम आहे.

डोंबिवली_ते_ओहायो:
वाचून गंमत वाटली कारण माझी नोकरीच ही आहे. इथल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत ऑनर्सच्या मुलांची ॲडव्हायजर. इथे हे प्राध्यापकाचं जोडकाम नसतं, वेगळी पूर्णवेळ माणसं असतात, आणि आमच्याकडे तर ॲडव्हायजरला भेटल्याशिवाय पुढच्या सेमचं रजिस्ट्रेशनच उघडत नाही. म्हणून सगळं आलबेल असतं असं नाही हं, मुलं वीस मिनिटांसाठी येतात त्यातली दहा मिनिटं फोनवर आईशी बोलण्यात जातात (हो, आपलीच मुलं!).

एक युक्ती देते. आम्ही प्लॅन शेवटाकडून भरतो. कागदावर सगळ्यात खाली लिही 'प्रोजेक्ट जमा'. त्याच्या वर, लिहायला किती महिने. त्याच्या वर, प्रयोग संपायला कधी हवा. तुझ्या बाबतीत रोपं वाढायला जो वेळ लागतो तो कोणाच्या ओळखीने कमी होत नाही. असं वर वर येत गेलीस की कळेल की काम जूनमध्ये नाही, आत्ताच सुरू करावं लागतंय.

आणि पुढे इकडे यायचा विचार असेल तर चौथ्या वर्षाचा फायदा आहे, अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना मास्टर्ससाठी सोळा वर्षांचं शिक्षण लागतं, तीन वर्षांच्या डिग्रीवर अडतं. पण फक्त त्यासाठी करू नकोस बाई.

फळा_आणि_डस्टर:
आता बसून लिहितो. पेपर तपासायचे बाजूला ठेवलेत.

आधी क्रेडिट. पोटात गोळा यायचं कारण नाही पण सोमवारची वाटही बघू नकोस. साधा अर्ज लिही, 'द्वितीय सत्रातील अमुक कोर्सचे २ क्रेडिट एबीसीमध्ये दिसत नाहीत', मार्कशीटची झेरॉक्स जोड, दोन प्रती काढ, एक आवक-जावकला दे आणि दुसरीवर शिक्का आणि नंबर घेऊन ये. तोंडी सांगितलेलं काम ऑफिसमध्ये राहत नाही, इनवर्ड झालेल्या कागदाला मात्र कोणीतरी उत्तर द्यावं लागतं. तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना मोजायला सांग, एकाचं गेलं असेल तर एनएसएसच्या सगळ्या पोरांचं गेलं असणार.

आता फरक. चौथं वर्ष दोन्हीकडे तेवढ्याच क्रेडिटचं. रिसर्चवाल्याला त्यातले १२ क्रेडिट एका प्रोजेक्टचे, आपल्या राज्यात साधारण सातव्या सेमला ४ आणि आठव्याला ८. साध्या ऑनर्सवाल्याला त्याऐवजी कोर्स आणि ओजेटी. रिसर्चला पहिल्या सहा सेमला ७५ टक्के किंवा ७.५ ची अट, ते बेरीजवाल्यांनी छान मांडलंय. तुमच्या कॉलेजचं ऑर्डिनन्स (नियमांचा कागद) ऑफिसकडून मागून घे आणि स्वतः वाच, कारण ७.४९ ला राउंड करतात की नाही हे तिथेच सापडेल, इथे नाही.

पुढचा फायदा. २०२२ च्या यूजीसीच्या पीएचडी नियमांप्रमाणे चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के असले तर एमएस्सीशिवाय पीएचडीला अर्ज करता येतो, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत. ऐकायला फार गोड आहे, पण प्रवेश परीक्षा किंवा नेट सुटत नाही (बॉटनीला सीएसआयआरची, लाइफ सायन्सेस), आणि असिस्टंट प्रोफेसर व्हायचं असेल तर मास्टर्स लागतंच. म्हणून मी मुलांना सांगतो की एमएस्सी चुकवायला ऑनर्स करू नका. एमएस्सीला जाण्याआधी आपल्याला हे काम आवडतं का ते बघायला करा. आवडलं नाही तर एका वर्षात कळेल, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा बरं.

आता मेंटॉर. तुझ्या मॅडमची बाजू थोडी माझी पण आहे. वर्कलोडमध्ये शिकवायचे तास मोजतात, 'मुलीशी बसून बोललो' याचा तास नसतो, फॉर्म मात्र फाइलला लागतो. म्हणून फॉर्म भरतो आणि बोलायचं राहून जातं. हे समर्थन नाही, मीसुद्धा भिंतीला टेकवून सह्या केल्यात. पण मास्तर लोक एका गोष्टीला भुलतात, कोणी तयारी करून आलं की वेळ काढतात. 'सर मी काय करू' असं विचारलं तर 'अभ्यास कर' सोडून काय सांगणार?

आणि तू तर तयारी करून बसलीयस, तुला माहीत नाही. तुझ्या वहीचं मागचं पान. पांढरी किती, दुधाळ किती, तारीख, ट्रॉली. बाई गं, आमच्याकडे मुलं विषय मागायला येतात तेव्हा त्यांच्याकडे एक आकडा नसतो. झूलॉजीवाल्याच्या बुद्धीने सांगतो, पांढरी बुरशी काही दिवसांतच दिसते आणि बहुतेक वेळा हवेतून, हातातून, नीट न तापवलेल्या स्काल्पेलमधून आलेली असते. दुधाळ प्रकार म्हणजे बॅक्टेरिया असणार, आणि ते कित्येकदा रोपाच्या आतच दडलेले असतात, वरून कितीही धुतलं तरी जात नाहीत, दोन-तीन सबकल्चरनंतर (कापून नव्या बाटलीत घातल्यावर) डोकं वर काढतात. म्हणजे तू फेकतेस त्या बाटल्यांची दोन वेगळी कारणं आहेत आणि उपायपण वेगळे. तुझ्या वहीत ती आधीच वेगळी लिहिलेली आहेत. आता त्यात दोन रकाने वाढव, कितवं सबकल्चर आणि मूळ गड्डा कुठल्या लॉटचा. उरलेल्या ३० तासांत जेवढं होईल तेवढं. ओजेटीचा रिपोर्ट याच्यावरच लिही, ओ मिळवायचाय ना.

मग ती वही घेऊन एचओडी सरांकडे जा. प्रॅक्टिकलच्या मध्ये नको, प्रॅक्टिकल संपून अटेंडंट स्लाइड गोळा करत असतो तेव्हा. म्हण, सर मला हे दिसलंय, याच्यावर चौथ्या वर्षी प्रोजेक्ट होईल का, आणि तुम्ही गाईड कराल का. रिटायर होणाऱ्या मॅडमनाही दाखव, त्या गाईड नसल्या तरी त्यांना तुझ्यासाठी वेळ असेल, जाणाऱ्या माणसाला असतो. आणि लॅबच्या मालकाला आधी विचार, त्यांचे आकडे आहेत ते, न विचारता कागदावर आणू नको.

सर नाही म्हणाले, किंवा हो म्हणून लक्ष देणार नाहीत असं वाटलं, तर एमएस्सीवाल्या साहेबांचं ऐक आणि दुसरीकडे जा. त्यात कमीपणा नाही.

जुना_एमएस्सी:
सर, पटलं. ऑटोक्लेव्हचं मागे घेत नाही पण.

केळीचं_पान:
आठ दिवसांनी येतेय, सॉरी, इंटर्नल्स होत्या.

अर्ज इनवर्ड केला. आमच्या वर्गातल्या ११ जणांचे तेच दोन क्रेडिट गायब होते, सगळ्यांनी एकत्र दिला, ज्यांच्याकडे लॉगिन होतं ते दुसऱ्याच दिवशी रजेवरून आले. अजून दिसत नाहीयेत पण नंबर आहे माझ्याकडे.

फॉर्मबद्दल विचारलं तर ऑफिसमधले काका म्हणाले अगं तो नुसता अंदाज घ्यायला आहे, किती मुलं राहणार म्हणून, खरी ॲडमिशन रिझल्टनंतर. तीन आठवडे झोप नव्हती मला. तिसऱ्या चौकोनात टिक केली.

एचओडी सरांकडे सर तुम्ही सांगितलं तसंच गेले, स्लाइड गोळा करताना. हात थरथरत होते. सरांनी वही घेतली, पुढून उघडली, मी म्हटलं सर मागून. दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग विचारलं बुधवारी जास्त का आहेत गं. मी कधी बघितलंच नव्हतं! खरंच बुधवारी पांढऱ्या जास्त. लॅबमध्ये विचारलं तर ताई म्हणाल्या रविवारी सुट्टी असते, सोमवारी सकाळी एसी आणि लॅमिनार नुकतं चालू करून लगेच कामाला बसतो, त्याचं दोन दिवसांनी दिसत असेल. असेल किंवा नसेल, सर म्हणाले आत्ताच ठरवू नको, अजून लिही. गाईडचं 'बघू, ७.५ येऊ दे' म्हणालेत. एक वर्षाच्या एमएस्सीचं विद्यापीठाला विचारून सांगतो म्हणाले.

मालक हो म्हणाले, फक्त लॅबचं नाव नको आणि आकडे आधी त्यांना दाखवायचे. ओजेटी संपल्यावरपण शनिवारी ये म्हणाले.

मेंटॉर मॅडमनापण सांगितलं सगळं, बसस्टॉपपर्यंत सोबत चालत जाऊन. त्या म्हणाल्या या वेळच्या फॉर्ममध्ये हे लिही.

पप्पा अजून बीएडवरच आहेत. आजीला म्हटलं रिसर्च करणार, तर म्हणाली केळीचं काय शोधायचं असतं.

सर एकच विचारायचं होतं, ट्रॉलीवर वरचा कप्पा की खालचा, तेपण लिहू का? खालच्या कप्प्यात उजेड कमी असतो.

फळा_आणि_डस्टर:
लिही. आणि पेन्सिलने नको, पेनने. चुकलं तर खोडायचं नाही, एक आडवी रेघ मारून पुढे लिहायचं.